रोवलेल्या बांधीत पुन्हा

एकोडी गावची चंद्रकलाबाई म्हणजे धानाच्या रोवणीच्या बायांची म्होरकी. आज कोणाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, रोवायची, उद्या कोणाची, सगळं तोंडपाठ. तिला मेंदूतल्या गाठीसाठी रेडिएशन आणि केमो घेऊन सात वर्षं झाली होती. अन् या आषाढात बघा, ती बायांना घेऊन आदल्याच दिवशी रोवलेल्या धानात पुन्हा रोवायला उतरली!

नागपूरच्या तरुण डॉक्टरनं तिला वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. तिनं फटाफट सांगितलं. डॉक्टरनं कागदावर 'ठीक' लिहिलं.

"ठीक आहे सगळं, आजी. वय झालं आता."

"वय? बावन्नचीच आहो मी!" ती कडाडली. "वार तं पोपटबी सांगते. मले इचारा, काल कोणाची बांधी रोवली?"

डॉक्टरनं विचारलं. तिचे ओठ नुसते हलत राहिले, डोळे भरले. आवाज मात्र चढाच.

"आता लिहा! याले ठीक म्हनता का?"

डॉक्टरनं कागदावरचं 'ठीक' खोडलं.