रेक्झिनवाला

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना पळवाट राहणार नाही. आमच्या कॉलनीनं ज्या माणसाला फसवणारा ठरवलं, त्यानं कुणालाही फसवलं नव्हतं. फसवलं मी. माझ्या बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही.

आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. जुळे सोलापुरात, आमच्या सोसायटीच्या फाटकाशेजारी त्यांची पत्र्याची टपरी होती. दप्तरांच्या चेनी, तुटलेले पट्टे, बॅगांच्या मुठी, असली कामं. तुमच्याही फाटकाजवळ असा एखादा माणूस असेल. नजर रोज जाते, बघणं होत नाही. चाचा मात्र बघायला लावायचे. पाकीट दुरुस्तीला दिलं की ते आधी स्वतःच्या नाकाला लावत आणि मग तुमच्या नाकाखाली धरत. "घ्या वास. कातडं हाय का हे? कुनी मारलं तुमच्या गळ्यात?" रेक्झिन निघालं तरी काम करायचे, पण असं तोंड करून, की जणू आपण त्यांच्या ताटात उष्टं वाढलंय.

नम्रपणाशी त्यांचा संबंध नव्हता. "अख्ख्या सोलापुरात अशी शिलाई दाखवा," म्हणायचे आणि मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवायचे. पलीकडच्या चहावाल्याशी त्यांचं अधूनमधून भांडण व्हायचं. कारण बहुधा साखर.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. कॉलनीच्या सभागृहात घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरायचं होतं. त्यात चष्म्याची घरं ठेवावीत असं माझ्या डोक्यात आलं. शेळीचं मऊ कातडं, एकाच तुकड्याची घडी, कडेनं हातशिलाई, झाकण खोचायला पट्टी, बटण नाही. आतून चादरीच्या तुकड्यांचं अस्तर.

चाचांनी माझं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "चष्म्याला चादर? थंडी वाजती काय त्याला?"

"काचेला चरे पडू नयेत म्हणून."

"हौ. मग उशी पन द्या की."

कातडं आणायला आम्ही माझ्या स्कूटरवर गेलो. दुकानात चाचा वास घेत बसले, आणि निवडलं मी. हे लक्षात ठेवा. पहिला नमुना त्यांनी स्वतःच्या चष्म्यावर बेतला. तो चष्मा खिडकीएवढा. माझा आत टाकला तर खुळखुळ्यासारखा वाजायला लागला. "माझा बसला की. मग कुनाचाबी बसंल," एवढंच त्यांचं म्हणणं. मी हट्ट धरला, त्यांनी अबोला. मग एका सकाळी टपरीतूनच हाक आली, "ओ सर, तुमचं थोबाड बारीक हाय, त्यात माझा काय गुन्हा?" आणि त्यांनी लहान नमुना पुढे केला. सुरेख होता. तसलीच मोजकी घरं करायची असं ठरलं.

प्रदर्शनाला चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले. लोकांच्या नाकाशी काही न्यायचं नाही, असं मी त्यांना आधीच बजावलं होतं. दुपारपर्यंत दोनचार घरं गेली असतील. मग काकू आल्या. त्या पारायण मंडळ चालवतात; कॉलनीत त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. मागे मंडळाच्या बायका. काकूंनी घर उघडून आतली चादर पाहिली, हसल्या.

"सर, चामडं तर नाही ना? पोथीजवळ ठेवायचंय."

काकूंनी घेतलं की सगळ्या घेणार, हे मला दिसत होतं. "छे हो काकू," मी म्हणालो, "रेक्झिन आहे."

माझ्यामागे चाचा दोऱ्याला मेण लावत होते. त्यांचा हात थांबला. घरं विकत घेऊन बायका पुढे गेल्यावर म्हणाले, "रेक्झिनवाला केलं की सर मला."

"विकायचंय ना चाचा?"

"विका की. कातडं म्हनून विका. जा, सांगून या त्या बाईला. देवाचं काम हाय तिचं."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही.

पारायणात कुणाच्या तरी हातून तीर्थ सांडलं, काकूंचं चष्म्याचं घर भिजलं आणि कातड्याचा वास सुटला. काकू ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी बोटाच्या टोकाला धरून माझ्या दारात आल्या. रडत होत्या. रागावल्या असत्या तर कदाचित मी खरं बोललो असतो.

"सर, हे कातडं आहे हो."

"मलाही चाचांनी रेक्झिनच सांगितलं होतं," मी म्हणालो.

आणि मला हलकं वाटलं. हेही सांगायला हवं.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला, फाटकाजवळच्या माणसापासून सावध राहा. कुणीतरी जोडलं, मुद्दाम केलं. कुणीतरी पुढे, ह्यांचं असंच असतं. मी सगळं वाचत बसलो होतो. कामं थांबली. मग रहदारीला अडचण होते म्हणून टपरी हलवा, असं सोसायटीनं कळवलं.

चाचा माझ्या घरी आले. त्याआधी कधी आले नव्हते. सोफ्याच्या काठावर बसले. बायकोनं चहा कागदी कपात आणला. आमच्या घरात कागदी कप आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"कुनीतरी उठवलंय बघा सर, मी रेक्झिन म्हनून कातडं खपवलं म्हनून. तुमी एकदा सांगा त्यांना. तुमचं ऐकत्यात."

"सध्या वातावरण तापलंय चाचा. जरा शांत होऊ द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कपाकडे. मग "हौ" म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले. दारात चपला घालताना, मान खालीच ठेवून बोलले, "मेरेकू लगा कोई और होंगा, सर."

माझ्याशी ते आपल्या घरच्या बोलीत कधी बोलले नव्हते.

दार लावून बायको म्हणाली, "चाचांनी असं का केलं असेल हो?" मी पेपर उचलला.

टपरीच्या जागी आता स्कूटरी उभ्या राहतात. चाचा मैंदर्गीला मुलीकडे गेले, असं चहावाल्यानं सांगितलं. पुढचं मला माहीत नाही. मैंदर्गी लांब नाही. मी गेलो नाही. काकू सकाळी फिरताना भेटतात. "तुमच्यासारख्या सरळ माणसालासुद्धा सोडलं नाही हो त्यानं," म्हणतात. मी मान हलवतो.

हे लिहिलं म्हणून काही फिटत नाही; काकू असलं काही वाचत नाहीत. मंडळाच्या बायका जमलेल्या असताना त्यांच्यासमोर उभं राहून, कातडं मी निवडलं आणि खोटं मी बोललो, एवढं मला सांगायचं आहे. मग मैंदर्गीला जाऊन, सांगून आलो, असं चाचांना सांगायचं आहे. दोन्ही अजून झालेलं नाही.