पडद्याखालची अक्षरं

पप्पांचे कान एका दिवसात गेले नाहीत. जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात ते कामाला होते. तापलेलं लोखंड रोलरमधून सुटतं तेव्हा शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे हातांनीच बोलतात. घरी पप्पा आधी मोठ्यानं बोलायला लागले, मग टीव्हीचा आवाज वाढवायला लागले. मी कॉलेज संपवून एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागले तोवर त्यांना काहीच ऐकू येईनासं झालं. कानाचं मशीन लावून पाहिलं, त्यात नुसती घरघर यायची. ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं आणि कामही सोडलं.

आईनं माझी शाळेतली पाटी शोधून काढली. आम्ही लिहायचो, ते वाचून तोंडानं उत्तर द्यायचे. वाचण्यात ते पक्के होते. आजोबा जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबले, पण पोरानं शाळा चुकवली तर त्या दिवशी त्याला जेवायला वाढू द्यायचे नाहीत. भोकरदनजवळच्या आमच्या गावात वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायला पप्पाच बसायचे, इतका त्यांचा आवाज स्वच्छ होता. आता तोच आवाज कधी एकदम चढायचा, कधी पुटपुटल्यासारखा यायचा, आणि त्यांना ते कळायचं नाही.

पाटीवर कामापुरतं बोलणं होतं. जेवता का, औषध घेतलं का, पाहुणे येणार आहेत. गप्पा पाटीवर होत नाहीत. आई मालिका बघायची तेव्हा पप्पा उठून ओट्यावर जाऊन बसायचे. लोक रस्त्यानं जाताना हात करायचे, तेही हात करायचे. तेवढंच.

एका रविवारी दुपारी मी मोबाईलवर एक जपानी मालिका बघत होते. ॲनिमेचं वेड मला कॉलेजातल्या मैत्रिणींनी लावलं होतं. मूळ जपानी आवाज आणि खाली हिंदी अक्षरं, अशीच मी बघायचे. पप्पा पाणी प्यायला आत आले आणि माझ्या मागं थांबले. बराच वेळ हलले नाहीत.

"हे कार्टून हाय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मंग ह्याच्यात मानसं मरून कशी राह्यली?"

मी सरकून जागा दिली. ते बसले. ती गोष्ट एका हरलेल्या सैन्याची होती. लढाई संपलेली आहे, राजा पळून गेला आहे, आणि उरलेली काही माणसं पायी आपापल्या गावाकडं निघाली आहेत. वाटेत कुणी थंडीनं मरतं, कुणी नदीत जातं. त्यांच्यात एक म्हातारा लोहार होता. पप्पांचा जीव त्याच्यावर बसला. दोघांच्याही हातांवर भाजल्याच्या खुणा होत्या. पण लोहार काम करायला लागला की पप्पांना राग यायचा. "असं धरत न्हाईत इतकं लाल लोखंड," ते म्हणायचे. "चित्र काढणाऱ्यानं भट्टी बघितलीच न्हाई कधी."

मग रोजच मी क्लासवरून आले की आमचं बसणं सुरू झालं. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवायचा आणि दोघांनी बघायचं. कित्येक वर्षांनी आम्ही दोघं एकच गोष्ट एकाच वेळी समजून घेत होतो. मला पाटीवर काही लिहावं लागत नव्हतं. एखाद्या वाक्यावर ते माझ्याकडं बघायचे, मी त्यांच्याकडं बघायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाप-लेकीला काय घावलंय कोण जाणे." पण ती खूष होती.

ही मालिका एका मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेच्या पुस्तकांवरून, केलेली होती. मांगा पुढं गेलेला होता आणि मी तो इंग्रजीतून वाचत होते, हे पप्पांना कळल्यावर ते मागंच लागले. "लोहार पोचतो का ते सांग फक्त." मी पाटीवर लिहायचे, "सांगणार नाही." ते हसायचे.

त्याच गोष्टीचा सिनेमा आला, तेव्हा मी त्यांना संभाजीनगरला घेऊन गेले. जपानी आवाजाच्या खेळाला खाली इंग्रजी अक्षरं होती, ती त्यांना झेपत नव्हती. हिंदी खेळाला अक्षरंच नव्हती. मी तिकीट काढावं की नाही या विचारात होते, तर पप्पाच म्हणाले, "हिंदीचं काढ. मला सगळं पाठ हाय." सिनेमा आम्ही बघितलेल्या भागांचाच होता. अंधारात पडद्यावर लोहार तोंड उघडायचा आणि पप्पा त्याचं वाक्य मला सांगायचे, त्यांच्या त्या चढलेल्या आवाजात. पुढच्या रांगेतला एक मुलगा वळून म्हणाला, "चाचा, आवाज कम करो ना." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःच्या कानाकडं बोट दाखवलं. तो समजला, परत पडद्याकडं वळला. पप्पा बोलत राहिले. सिनेमा संपेपर्यंत मग कुणीच काही म्हणालं नाही.

त्या हिवाळ्यात एका सकाळी पप्पा उठले ते दाराच्या चौकटीला उजवीकडून धडकले. आईनं पाटीवर लिहिलं, "काय झालं?" त्यांनी पाटी जवळ धरली, लांब धरली.

"हे कानडीत कामून लिहिलं?" त्यांनी विचारलं.

आईला वाटलं चेष्टा करतायत. मी पाटी पुसून मोठ्या अक्षरात त्यांचंच नाव लिहिलं. ते बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि खाली भराभर लिहिलं, "मला वाचता येत नाही." अक्षर नेहमीसारखं वळणदार. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचायचा प्रयत्न केला, आणि त्यांना ते वाचता आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी मला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं. मेंदूत एका ठिकाणी रक्त पोचलं नाही. उजवीकडचं दिसणं गेलं आणि अक्षर ओळखणारी जागा गेली. हात लिहील, पण डोळे वाचणार नाहीत. "थोडंफार सुधारतं कधी कधी," त्या म्हणाल्या. "त्यांना समजावून सांगा, घाबरू देऊ नका."

कसं सांगणार? ऐकू येत नव्हतं म्हणून आम्ही लिहीत होतो. आता लिहिलेलं संपलं होतं. वॉर्डात पप्पा खाटेवर बसून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत विचारायचे, "मला काय झालं? सांगा ना कुनीतरी." आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. ते हात झटकायचे. "असं न्हाई. सांगा." आजूबाजूचे पेशंट मान खाली घालायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांचे कारखान्यातले जोडीदार आले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. पप्पांच्या शेजारच्या रोलरवर त्यांनी आयुष्य काढलं होतं. मी त्यांना बाहेरच सगळं सांगितलं. ते आत गेले, पप्पांच्या डाव्या बाजूला बसले आणि हात वर केले. दोन मनगटं एकमेकांवर आपटून बाजूला केली. कारखान्यात लाइट गेली की ते असं करत. मग एक बोट डोक्याला लावलं.

पप्पा बघत होते. "डोक्यातली लाइन गेली?"

काकांनी मान डोलवली.

"येईल का परत?"

काकांनी हाताची मूठ करून ती हळूहळू उघडली, बोटं वर जाणाऱ्या धुरासारखी हलवली. मोटर जळाली.

पप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर त्यांनी कुणाला विचारलं नाही.

घरी आल्यावर मी पुन्हा मोबाईल तांब्याला टेकवला. चित्रं तर दिसतातच, असं मला वाटलं. ते माझ्यासाठी बसले. खालच्या पांढऱ्या अक्षरांवर त्यांची नजर सवयीनं जायची आणि तिथंच अडकायची, मग वरचं चित्र निघून जायचं. मी कागदाची पट्टी लावून अक्षरं झाकली. मग त्यांनी पट्टीकडं बघितलं. मांगाची पुस्तकं मागवली, ती उजवीकडून वाचायची असतात, आणि त्यांची उजवी बाजू गेलेली. ते प्रत्येक पान अर्ध्यातूनच सुरू करायचे. काकांकडून कारखान्यातल्या खुणा शिकून घेतल्या आणि त्यांनी मी गोष्ट सांगून पाहिली. पण त्या खुणांमध्ये गरम, थांब, उचल, मागं हो, चहा आला, एवढंच होतं. त्यात कुणाला घराची आठवण येत नव्हती.

एक दिवस त्यांनी मोबाईल हातानं पालथा घातला.

"बस झालं, बाई. तू बघ तुझं," ते म्हणाले. आवाज पुटपुटल्यासारखा होता.

त्यानंतर ते जास्त झोपायला लागले. जेवायला उठायचे, ओट्यावर बसायचे. रस्त्यावरून उजवीकडून येणारा माणूस त्यांना दिसायचा नाही, आणि त्यानं केलेला हात तसाच राहायचा. लोकांनी हात करणं सोडलं. उन्हाळ्यात, मी क्लासवर असताना, दुपारी झोपेतच ते गेले. आई भांडी घासत होती. तिला चहाच्या वेळेपर्यंत कळलं नाही.

पुण्यानुमोदनाला नातेवाईक आले, वंदना झाली, जेवणं झाली. काका सगळ्यात शेवटी थांबले. मी त्यांना दोनदा पाणी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईनं कानाजवळ जाऊन विचारलं, "भाऊजी, तुमचंबी का?"

"हळूहळू चाल्लंय," काका म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तो मोबाईलमधी ते काय बघायचा? लई सांगायचा मला. दाव बरं."

मी पहिला भाग लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला. बर्फातून माणसं चालत होती, खाली हिंदी अक्षरं येत-जात होती. काकांनी थोडा वेळ बघितलं.

"अक्षरं वाचा, काका," मी अक्षरांवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाले. "ते काय बोलतात ते खाली येतं."

"मला कुठं वाचता येतंय, माय. साळंत गेलोच न्हाई कधी," ते म्हणाले, आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला.

आईनं त्यांच्यासाठी ताट वाढायला घेतलं.