यादीतून गेलेली नावं

आमचे हे नगरकडचे. पाऊस पडेना म्हणून तिकडची जमीन सोडून इंदूरला आले, नदीपलीकडे खंडानं तुकडा घेतला आणि भाजी लावली. आजूबाजूचे माळवी शेतकरी हसायचे. "दक्खनी भिया, पेले गेहूं बोना तो सीख लो!" हे पण हसायचे आणि गोभी लावायचे.

आमच्या वस्तीत सगळी अशीच, तिकडून आलेली घरं. वस्ती आणि शहराच्या मधे नाला. पावसाळ्यात नाल्याला पाणी चढलं की भाजी अलीकडेच सडायची. कृष्णपुऱ्याकडं बाजारात न्यायची कशी?

संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं आणि मतांची यादी करायला शाळेतले मास्तर आले. मी मेथीच्या जुड्या बांधत होते.

"बाई, तुमचं नाव?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"बरं, मालकांचं?"

आता यांचं नाव मी हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायची, तेही चार बायकांनी धरून बसवल्यावर. परक्या पुरुषापुढं कसं घेणार? मी म्हटलं, "मोठ्याची आई लिहा." मास्तर म्हणाले, "ऐसे नहीं चलता, बाई." मी म्हटलं, "आमच्यात चलता." एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. मी पुढच्या घरांनाही ओरडून सांगितलं, "अगं, नाव सांगू नका गं, शोभत नाही." मग सगळ्याच कुणाची आई, कुणाची घरवाली झाल्या. आम्ही किती हसलो त्या दिवशी.

नंतर निवडणूक लागली. हे म्हणाले, "मी उभा राहतो. पूल पाहिजे."

मी म्हटलं, "दोन बुकं शिकलेला माणूस तिथं काय बोलणार?"

"भाजी विकताना बोलतोच ना?"

सायकलवर गावोगाव फिरले. हसणाऱ्या माळव्यांतलेही बरेच यांच्या बाजूनं झाले. त्यांनाही नाला होताच.

मताच्या दिवशी आम्ही बायका धुतलेली लुगडी नेसून गेलो. टेबलावरचा माणूस म्हणाला, "बिना नामवाली सब कट गईं, माँजी." वस्तीतली एकही बाई आत गेली नाही. हे थोडक्या मतांनी पडले.

यांना वाटलं, मास्तरांनीच मुद्दाम नावं कापली. शाळेत जाऊन पोरांसमोर नको नको ते बोलले. संध्याकाळी मास्तर घरी आले.

"भाऊ, मी विचारलं होतं. घरातच विचारा."

यांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर ओढला. "मला काय माहीत? मी शेतात होते."

मास्तर उठले. छत्री उचलली आणि गेले. पुढच्या साली त्यांची बदली झाली म्हणे. हे पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. पावसाळ्यात नाल्याच्या काठावर उभे राहून पाणी बघायचे, आणि मी चुलीपाशी गप. सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आयुष्य गेलं.

पूल झाला, पण यांच्यामागं.

हे गेले तेव्हा दाखल्यासाठी कचेरीत मीच गेले. बाबू म्हणाला, "मरनेवाले का नाम?"

मी सांगितलं. उखाण्याशिवाय.

"जोर से, अम्मा."

मी जोरात सांगितलं. त्यानं लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. एवढंच काम होतं.