सुदामच्या कानातली शिट्टी

सुदामनं सगळी नोकरी मोरिवलीच्या एका कारखान्यात, पत्रा कापायच्या प्रेसवर काढली. प्रेस दिवसभर आदळायचा. कानात कापसाचे बोळे घालायचे, ते घामानं भिजून गळून पडायचे. रिटायर होईस्तोवर उजवा कान गेला, डावा अर्धामुर्धा उरला. आणि एक शिट्टी राहिली. बारीक, न थांबणारी. जेवताना, झोपताना, विहारात वंदना चालू असतानाही. डॉक्टर म्हणाले, "सवय करून घ्या." बायकोला, गंगूला, त्यानं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "माझ्या कुकरलाही शिट्टी आहे." मग त्यानं सांगणंच सोडलं.

खरवईच्या नव्या बिल्डिंगमध्ये दोघांचं बोलणं कमीच होत गेलं. ती हाक मारायची, परत मारायची, मग ओरडायची. ओरडून ती दमायची, आणि तिचं चिडलेलं तोंड बघून तो.

त्यांची मुलगी किर्ती उल्हासनगरच्या एका इव्हेंट कंपनीत होती. लग्नाच्या स्टेजवर तिथली माणसं केसासारख्या बारीक धाग्यांची जाळी ताणायची. जाळी दिसायची नाही, पण तिच्यावर प्रोजेक्टरचा उजेड पडला की मोर आणि कमळं हवेत तरंगायला लागायची. होलोग्राम, म्हणायचे त्याला. किर्तीनं त्याला माइक आणि कॉम्प्युटर जोडून स्वतःचं काही सुरू केलं होतं. आवाज चढला की आकार वाढायचा, आवाज थांबला की विझायचा. अंबरनाथच्या एका लहान हॉलमध्ये कारखान्यांच्या आवाजांचा प्रयोग ठरला, तेव्हा ती येऊन बापाच्या डाव्या बाजूला बसली.

"पप्पा, तुमच्या प्रेससारखा पत्रा वाजवाल स्टेजवर?"

"नको गं. जन्मभर तेच ऐकलं."

"मग आता काय ऐकू येतं तुम्हाला?"

हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं सांगितलं. किर्तीनं त्याच्या डाव्या कानाला हेडफोन लावला आणि एकेक स्वर ऐकवत गेली. "अजून बारीक," तो म्हणत राहिला. "अजून." शेवटी त्यानं हात वर केला आणि डोळे मिटून घेतले.

प्रयोगाच्या संध्याकाळी तो स्टेजवर खुर्चीत बसला, हातात फिरवायचं एक बटण. कानातली शिट्टी चढली की बटण चढवायचं, उतरली की उतरवायचं, एवढंच काम. आधी प्रेसचे रेकॉर्ड केलेले ठोके झाले, उजेडाचे ठोकळे हवेतून धाडधाड पडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हॉलभर तीच एक शिट्टी, आणि अंधारात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उजेडाची एक पातळ रेघ.

रेघ हलेना. लोक खाकरले. कुणी कानांवर हात ठेवले. मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "कितना टाइम चलेगा ये?" दोनचार जण उठून गेले.

पुढच्या खुर्चीतली गंगू उठून कॉम्प्युटरवर बसलेल्या किर्तीपाशी आली. "बंद कर गं ते. डोकं फुटायला लागलं."

"माझ्याकडे नाही मम्मी. पप्पांच्या हातात आहे."

गंगू स्टेजवर चढली. रेघेचा उजेड सुदामच्या कपाळावर पडला होता. तो बटण धरून बसला होता, ड्युटीवर बसावं तसा. ती त्याच्या डाव्या कानाशी वाकली.

"अहो, हे असं कायम असतं?"

त्यानं मान हलवली आणि बटण शून्यावर नेलं. रेघ विझली. हॉलनं सुटकेचा निःश्वास सोडला.

"आणि आता?"

"आहे की," तो म्हणाला.

गंगू तिथेच, त्याच्या खुर्चीला धरून उभी राहिली.

पुढं किर्तीला पुण्याहून याच प्रयोगाचं बोलावणं आलं. सुदामनं जायला नकार दिला. "जे कानात आहे तेच लोकांसमोर परत कशाला ऐकू? दमलो मी." किर्तीनं थोडा हट्ट केला. तेव्हा गंगूच म्हणाली, "राहू दे त्यांना." किर्ती रेकॉर्डिंग घेऊन एकटीच गेली.

एका दुपारी त्याच्या बोलण्यात आलं, की पंख्याच्या घरघरीत शिट्टी जराशी बुडते. गंगूला हेही ठाऊक नव्हतं. थंडीचे दिवस होते. तिनं पंखा फुल केला, आपल्या पायांवर चादर ओढली, आणि तो झोपेपर्यंत तशीच कुडकुडत बसून राहिली.