टाकीवरचा चहा

मिरजेतल्या गॅरेजात मुनीरभाईंनी माझ्या मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीच्या झाकणावर चहाचा ग्लास ठेवला आणि इंजिन सुरू केलं. चहावर बारीक बारीक लाटा उठल्या.

"बघा मास्तर, तुमच्या हाताला मुंग्या येतात त्या ह्याच्यामुळं."

गाडी दोन सिलिंडरची. सहा महिने मी रस्त्याला, टायरला, शेवटी माझ्या वयालाही दोष देत आलो होतो!

त्यांनी सलाईनची पारदर्शक नळी काढली. तिच्या मधल्या लोंबत्या भागात थोडं लाल तेल होतं. नळीची दोन टोकं दोन सिलिंडरांना जोडली. जो जास्त जोरात हवा ओढेल, त्याच्याकडे तेल चढणार. ते उजवीकडे असं सरसर चढलं, की आता इंजिनातच जातंय म्हणून मी ओरडलो.

"दोन्ही सिलिंडर झकास आहेत," मुनीरभाई म्हणाले, "फक्त श्वास सारखा घेत न्हाईत." त्यांनी एक स्क्रू केसभर फिरवला. तेल उतरलं, थबकलं, पुन्हा सरकलं आणि दोन्हीकडे एका रेषेत येऊन थांबलं.

केसभर! माळ्यावर टाकलेलं शिलाई मशीन, जुन्या मित्राशी बंद पडलेलं बोलणं... मोडलं म्हणून मी सोडून दिलेल्यातलं किती नुसतं एवढंच फिरवायचं राहिलं असेल?

इंजिन चालूच होतं आणि चहा साय धरेल इतका निवांत. "घ्या आता," मुनीरभाई म्हणाले. मी ग्लास उचलला आणि अर्धा चहा शर्टावर सांडला. गाडी केव्हाच शांत झाली होती. थरथरत होतो तो मी.