रिकाम्या सीटचा पट्टा

कौसल्याबाईवर अन्याय झाला. होळीच्या आधीच्या सोमवारी, जेवणाच्या सुटीत, इथेच भिलाईत, कारखान्याच्या बांधकामावर. घमेली वाहणारी ही बाई, मूळची तिरोड्याकडची. ठेकेदाराने तिला चोर ठरवून कामावरून काढलं. चोरी कशाची? मेलेल्या माणसाची.

भुताखेतांच्या विरोधात मजुरांच्या कॅम्पमध्ये पत्रकं वाटणारा मीच. अंगात आलेल्या बाईला मी दवाखान्याचा रस्ता दाखवतो. आजही दाखवीन. पण...

त्या सोमवारी मुरमाच्या खाणीजवळ एक छोटं खाजगी विमान पडलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वरून कापड. कुणाचं, कोण चालवत होतं — दुर्गपासून रायपूरपर्यंत कुणाला माहीत नाही. कौसल्याबाई पाण्याचा गडवा घेऊन सगळ्यांच्या आधी धावली. मागून मेट, म्हणजे मजुरांचा मुकादम, पोचला, तर सीट रिकामी. पट्टा मात्र बांधलेला. ठेकेदार म्हणाला, घड्याळ-अंगठीसाठी बाईने प्रेत लपवलं. एकट्या बाईने, मेट पोचेपर्यंत, अख्खं प्रेत.

मी चिडलो. सांगाडा कारखान्याच्या भंगाराच्या यार्डात आणून टाकला होता. तो नीट बघून ठेकेदाराचा खोटेपणा छापायचा, म्हणून भर दुपारी तिला घेऊन गेलो.

"मावशी, खरं सांग. तू पोचलीस तेव्हा आत कुणी होता?"

"होता नाही भाऊ. हाये."

"कुठे? मला तर दिसत नाही."

"मले बी नाही दिसत. पण तो उठलाच नाही, तं मी उचलू कशी?"

"म्हणजे मेट आंधळा अन् तू शहाणी?"

"मेटले तं समोरून त्याची बायको गेली तरी दिसत नाही. तू हात घालून पाह्य ना. मी पट्ट्याले हात लावला तं अजून चोर ठरीन."

पट्टा सैल पडलेला नव्हता. कुणाच्या पोटावरून गेल्यासारखा गोल, ताणलेला. मी खाली हात घातला. ऊब लागली. ऊन आहे, लोखंड तापतं, असं मनाशी म्हणालो.

मग पट्टा वर आला. खाली गेला. पुन्हा वर... झोपलेल्या माणसाचं पोट हलावं तसा. वारा अजिबात नव्हता.

कौसल्याबाईने शांतपणे गडवा कलंडवला, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. धार सुटली. सीटवर थेंब पडला नाही. खाली जमिनीवरही नाही.

मी हात ओढून काढला आणि पट्टा तसाच ठेवून पळत सुटलो.

मागून तिचा आवाज आला, "असा पळू नको, भाऊ. तो भिते."

फिटर लोकांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. ते हसले. आता ऐकतो, तो सांगाडा सीटसकट कापून भट्टीत टाकणार आहेत.

त्याआधी तुम्ही यार्डात या. वाचून कागद बाजूला ठेवू नका, या. पट्ट्याखाली हात घाला. काही जाणवलं नाही, तर कौसल्याबाईला खुशाल चोर म्हणा. जाणवलं, तर तिचं काम परत मागायला माझ्याबरोबर उभे राहा. आणि जाण्याआधी तो पट्टा सोडा, त्याला उठू द्या.

माझ्याने सुटला नाही.