गोठ्यातला बल्ब

बिद्रीजवळच्या आमच्या गावच्या घरात मी काढलेला गुलाब तेजोमेघाचा फोटो टांगलाय. मधोमध कोवळ्या ताऱ्यांचा गुच्छ, आणि त्यांच्याच तेजानं भोवती लालभडक चमकणारा हायड्रोजन. पाहुणे वा वा करतात. मला तो फोडावासा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी सरल्यावर, मी कोल्हापुरातनं कॅमेरा घेऊन गावी गेलो होतो. साखर कारखान्याचे दिवे लांब होते, पण जनावरांसाठी रात्रभर जळणारा गोठ्यातला बल्ब थेट लेन्समध्ये शिरत होता. बटण थोरल्या भावाच्या खोलीत. त्याला कुठं उठवा, म्हणून मी होल्डरातनं बल्बच काढून खिशात घातला. एकावर एक चढवून एकच स्वच्छ चित्र करायला भरपूर फोटो मिळाले. खुशीत अंगणातच झोपलो.

पहाटे माजघरात झोपलेल्या वहिनी धार काढायला उठल्या. अंधार बघून त्यांना वाटलं, लाईट गेली. डेअरीची वेळ थोडीच थांबते? दावणीत पाय अडकून त्या पडल्या, मनगटावर. ओरडण्यानं मी धावलो. आधी बल्ब बसवला. मग वहिनींना उठवलं.

"लाईट आत्ता आली," त्या कण्हत म्हणाल्या.

"गेलीच कवा? माझा पंखा फिरतोय की!" भाऊ म्हणाला.

बल्ब मी काढला होता, हे मी सांगितलं नाही. वहिनींची मूठ आजही वळत नाही. आणि भावाला मात्र कायमचा विनोद सापडला.

परवा पेठ वडगावचे पाहुणे आले. फोटोचं कौतुक झालं. लगेच भाऊ म्हणाला, "पावणं, ह्यो आभाळातलं हुडकतोय, आन् आमची बाई लख्ख उजेडात म्हशीखाली पडती!" सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याची जीभ उपटावी वाटली. पण ती जीभ चालू कुणी ठेवली होती?

चहा टाकायला गेलेल्या वहिनींच्या मागोमाग मी स्वयंपाकघरात गेलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी गॅस बंद केला.

"भाऊजी, मला वाटलं मलाच खूळ लागलंय. डोळं तपासून आलो मी."

"वहिनी, चुकलं..."

"माझ्याजवळ कशाला? हितं कोण हसलं न्हाय." त्यांनी पदर खोचला. "चला भाईर. पावणं बसल्यात तवरच सांगायचं."

त्या पुढं झाल्या, फोटोखाली जाऊन उभ्या राहिल्या. हातात चहा नाही बघून भावानं तोंड उघडलं.

"तू गप बस," मी म्हणालो. "आता मी बोलणार आहे."